त्याला ऊब हेच अन्न



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत कासव आलं आहे. मुलं प्राणी हवा म्हणून हट्ट करतात. कुत्रा-मांजर म्हटलं की मांसाहारी खाण्याचा प्रश्न येतो, पाली-सरड्यांच्या जातीतलं काही आणावं तर त्याला जिवंत किडे घालावे लागतात, म्हणजे तो विषयच संपला. मग दुकानदार आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासव दाखवतो. तळहातावर मावेल एवढं पिल्लू. "ताई, शंभर टक्के शाकाहारी, पालापाचोळा खातं, आवाज नाही, वास नाही, काही त्रास नाही." आपल्याला तर शाकाहारी हा शब्द ऐकला की निम्मी परीक्षा पास झाल्यासारखं वाटतं. त्यात कासव हे विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथांचं लांछन. पैठणला दर्शनाला जाऊन आलेल्या आजीसुद्धा मग नाही म्हणत नाहीत.

या कासवाला इंग्रजीत सुलकाटा म्हणतात. आमच्या घरात असं एक आहे. पुतण्याने पुण्यात असताना घेतलेलं. तो नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि कासव आमच्याकडे आलं. आता साडेचार किलोचं आहे. त्यामुळे मला बरेच फोन येतात, मंदिरात बायका थांबवून विचारतात, आणि जवळजवळ प्रत्येकीचा प्रश्न एकच असतो, याला खायला काय घालायचं? त्याला ऊब किती लागते, हवा किती दमट लागते, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की आधी ते विचारायला हवं, खाण्याचं नंतर.

आपलं शरीर आपली उष्णता स्वतः तयार करतं, त्याचं करत नाही. आपण पौषात रात्री थंड फरशीवर झोपलो तरी पोटातलं अन्न पचतं. कासवाचं शरीर जेवढं आजूबाजूला ऊन तेवढंच गरम. त्याचं गवत पचतं ते आतड्यातल्या सूक्ष्म जिवाणूंमुळे, आणि त्यांना ऊब लागते. डिसेंबरात विरजण लागत नाही म्हणून आपण पातेलं जुन्या शालीत गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवतो ना, तसंच आहे हे. थंड पोटात गवत गेलं तर ते नुसतं पडून राहतं, कुजतं, वायू धरतं. म्हणजे समोर ताजं गवत, जास्वंदीची पानं, ताटभर अन्न, आणि तरी प्राणी उपाशी. प्रतिकारशक्तीचंही तसंच, थंड शरीर रोगाशी लढू शकत नाही.

दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाच्या दिवशी आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार ऐकतो. जिवाला बांधून-कोंडून ठेवणं, मारहाण, अवयव छेदणं, ताकदीपेक्षा जास्त ओझं लादणं, आणि अन्नपाणी अडवणं. पैकी पहिला, बंध, तर पेटी विकत आणली त्याच दिवशी लागला. त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण शेवटचा, अन्नपाननिरोध, आपल्याला लागू नाही असं आपण धरून चालतो, कारण आपण रोज निवडून-धुऊन चारा घालतो. मला वाटतं, थंड पेटीत ठेवलेल्या कासवाच्या बाबतीत तो तितकाच लागू आहे. त्याच्यासाठी ऊब हा अन्नाचाच भाग आहे.

हे इतकं जोर देऊन लिहायचं कारण सांगते. काही घरांत अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्वाच्या दहा दिवसांत कासवाचा दिवा बंद ठेवतात. हेतू चांगला असतो, दिवा म्हणजे अग्निकायिक जिवांची हिंसा, ती त्या दिवशी टाळावी. विजेच्या दिव्यात अग्निकायिक जीव आहेत की नाहीत यावर आपल्याकडे मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. ज्या मानतात त्यांनी स्वतःसाठी दिवा लावू नये, पंखा लावू नये, जरूर पाळावं. पण उपवास आपला आहे. कासवाने प्रत्याख्यान घेतलेलं नाही. संज्ञी पंचेंद्रिय जीव आपण आणून कोंडला, त्याच्या वाट्याचा सूर्य भिंतीबाहेर ठेवला, आणि आता व्रताच्या नावाने त्याचा दिवाही काढून घ्यायचा, हे मला पटत नाही. तुमच्या माताजींना जरूर विचारा. मात्र विचारताना "दिवा लावू का" एवढंच नका विचारू. दिवा न लावल्यास त्याचं खाल्लेलं पचत नाही, हेही सांगा.

दुसरी गोष्ट, त्याच्या शांतपणाची. "आमचं कासव फार शांत आहे, तासन्‌तास एका जागी ध्यानात बसल्यासारखं बसतं." हे मी कौतुकाने सांगितलेलं कितीदा तरी ऐकलं आहे. श्वेतांबर आगमांतल्या ज्ञाताधर्मकथेत दोन कासवांची गोष्ट आहे. कोल्ह्यांच्या भीतीने दोघं अवयव आत घेतात, एक धीर सोडून पाय बाहेर काढतं आणि जीव गमावतं, दुसरं आत ओढून राहतं आणि वाचतं. इंद्रियसंयमाचं तिथलं उदाहरण सुंदर आहे. पण आपल्या दिवाणखान्यातलं कासव डोळे मिटून पडलंय ते संयमाने नव्हे, गारठ्याने. निरोगी, उबदार सुलकाटा सकाळी दिव्याखाली तापून घेतं, मग हिंडतं, खणतं, चरतं, पेटीच्या भिंतीला धडका देतं. चांगलंच दांडगट असतं! आणि "थंडीत कासवं झोपतातच" हेही याला लागू नाही. युरोपातल्या काही जाती हिवाळाभर झोपतात, ही जात झोपत नाही. हिचं मूळ घर सहाराच्या दक्षिण कडेचा पट्टा, सेनेगल-मालीपासून सुदान-इथिओपियापर्यंत. तिथे शीतनिद्रेची गरजच पडत नाही.

आकडे सांगून टाकते. दिव्याखालची जागा ३५ ते ३८ अंश, पेटीचं दुसरं टोक २६ ते २८ अंश. दोन्ही टोकं हवीत, कारण ऊन नको झालं की त्याला सावलीत जाता आलं पाहिजे. सगळी पेटी सारखी गरम करणं ही सोय नव्हे, शिक्षा आहे. लहान कासवाला रात्रीही २४-२५ च्या खाली जाऊ देऊ नये. मोजायला दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर, तेही कासवाच्या पाठीच्या उंचीवर. काचेला वर चिकटवलेलं स्वस्त गोल घड्याळ पेटीच्या छताचं तापमान सांगतं, आणि छताला कासव राहत नाही. दिव्याला थर्मोस्टॅट जोडावा. प्राण्यांच्या दुकानात विजेवर तापणारा दगड मिळतो, तो घेऊ नये, पोट भाजलं तरी कासवाला लवकर कळत नाही. दिवा साखळीने पक्का टांगावा. खाली वाळकं गवत असतं, घरात आग लागायला तेवढं पुरतं.

ऊब म्हणजे ऊन नव्हे, हेही लक्षात ठेवावं लागतं. कॅल्शियम अंगी लागायला अतिनील किरण लागतात आणि खिडकीची काच ते अडवते. काचेतून कितीही लख्ख ऊन आत आलं तरी त्या बाबतीत उपयोग शून्य. रोज अंगणात किंवा गच्चीत थोडा वेळ थेट ऊन मिळालं तर सर्वांत उत्तम, शेजारी सावली ठेवून आणि समोर बसून. काचेची पेटी मात्र उन्हात नेऊन ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तिची काही मिनिटांत भट्टी होते. ज्यांना ऊन देता येत नाही त्यांनी यूव्हीबी नळी दिवसाचे दहा-बारा तास लावावी.

आता दमटपणा, कारण खरी गफलत इथे आहे. दुकानदार सांगतो, वाळवंटातलं कासव आहे, जेवढं कोरडं ठेवाल तेवढं चांगलं. आपल्याला ते लगेच पटतं. आपलं सगळं घरकामच ओलाव्याविरुद्ध चालतं ना. डाळी-कडधान्यं उन्हात वाळवून भरायची, ओला चमचा डब्यात घालायचा नाही, ओटा रात्री कोरडा करायचा, पावसाळ्यात पापड-लोणच्यांची मर्यादा पाळायची. ओल राहिली की संमूर्च्छन जीव होतात, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे पेटीत पाणी शिंपडायला हात धजत नाही.

पण त्या वाळवंटी प्रदेशात हे कासव उघड्यावर राहत नाही. ते जमिनीत खोल बीळ खणतं आणि कडक उन्हाळ्याचा बहुतेक वेळ त्या बिळात काढतं. तिथली हवा उबदार आणि दमट असते. वर वाळवंट, खाली तळघर. २००३ साली व्हिएन्नातल्या दोन संशोधकांनी, वीसनर आणि इबेन यांनी, याच जातीच्या पिल्लांवर अभ्यास प्रसिद्ध केला. कासवाच्या पाठीवर पिरॅमिडसारखे टेंगूळ येतात ते जास्त प्रथिनं खाल्ल्याने, असा तोवरचा समज होता. त्यांना आढळलं की कोरड्या हवेत वाढवलेल्या पिल्लांना टेंगळं जास्त आली, दमट हवेतल्यांना कमी, आणि प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ होता. आपल्याकडे ही टेंगळं म्हणजे 'नक्षी' समजतात. मला एका घरी मोठ्या हौसेने दाखवली होती. ती नक्षी नाही, पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या कोरडेपणाची खूण आहे, आणि पुढे कितीही केलं तरी ती पुसली जात नाही. लहान पिल्लाला ७० ते ८० टक्के आर्द्रता लागते. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या, अंदाजाने हे कळत नाही.

अंदाजाने का कळत नाही, तर दिवा हवा वाळवतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून आपण इस्त्री फिरवतो, तोच न्याय. २० अंशांच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा ३२ अंशांपर्यंत तापवली, तर पाणी तेवढंच राहूनही आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. गरम हवेला जास्त पाणी धरता येतं म्हणून. त्यामुळे "आमच्याकडे तर पावसाळ्यात सगळं ओलंचिंब असतं" हे उत्तर चालत नाही. दिवा लागला की पेटीच्या आत वेगळा ऋतू सुरू होतो. ऊब वाढवली की पाणीही वाढवावं लागतं, एक बदललं की दुसरं मोजायचं.

याची उलटी बाजू जास्त घातक आहे. ओल आणि गारठा एकत्र आले की कासवाच्या फुफ्फुसावर जातं. आपल्या सांगली-कोल्हापूर भागातला जुलै-ऑगस्ट आठवा. दिवसदिवस सूर्य नाही, भिंतींना ओल, वर वीज जाते. कासव म्हणजे पाण्यातला प्राणी, त्याला पावसाळा मानवतोच, असं लोक धरतात. शास्त्रात कासव जलचरांत येतं हे खरं, पण हे कासव पोहू शकत नाही, फूटभर पाण्यात बुडून मरतं. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान लांब करून घरघर, यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर, आणि तेही सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारे. लवंगेची धुरी वगैरे करू नका. दमट हवं तर उबदार दमट. ऊब देता येत नसेल तर त्या दिवशी कोरडं ठेवा. कोरडेपणाचं नुकसान सावकाश होतं, गारठलेल्या ओलीचं आठवड्यात.

मग जीव होण्याचं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण मला स्वतःला तो छळतो. ७५ टक्के दमट, ३० अंश उबदार पेटी म्हणजे बुरशीला आमंत्रणच. माझं मत असं झालं आहे की सगळी पेटी ओली करूच नये. थंड टोकाला एक झाकलेली ढोली करावी. प्लॅस्टिकचं मोठं घमेलं उपडं घालून त्याला दार कापलं तरी चालतं. त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, गाळलेल्या पाण्याने भिजवून घट्ट पिळून चार-पाच बोटं घालावा. बाकीची जमीन कोरडी. त्याच्या बिळाचीच ही नक्कल, आणि ओल तेवढ्याच जागेत राहते. विष्ठा दिसताक्षणी उचलायची. भुसा वास यायच्या आत, बुरशीचा पांढरा तंतू दिसायच्या आत बदलायचा. हिंसा शून्य होते असं मी म्हणत नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही, चूल पेटवताना, केर काढताना ती होतेच. तिथे यत्नाचार एवढाच आपल्या हातात असतो. पण त्या सूक्ष्म जिवांचं कारण सांगून पंचेंद्रिय जिवाला कोरड्या पेटीत वेडंवाकडं वाढू द्यायचं, हा यत्नाचार नव्हे. इथे मतभेद असणाऱ्या भगिनी असतील, त्यांनी मला जरूर लिहावं. फक्त कासव घरात ठेवून नव्हे.

दिव्यावर पावसाळ्यात पाखरं येतात, तीही चिंता खरी. पेटीवर बारीक जाळी बसवावी आणि सूर्यास्ताबरोबर प्रकाशाचे दिवे बंद करावेत. रात्रीच्या उबेसाठी चिनी मातीचा तापक मिळतो, बल्बच्याच होल्डरमध्ये बसतो, तापतो पण उजेड देत नाही. रात्री आपल्याला दिवा नको असतो, कासवालाही अंधारच हवा असतो. सर्वांचं भागतं. तो फार तापतो, म्हणून होल्डर मात्र चिनी मातीचाच घ्यावा, प्लॅस्टिकचा वितळतो.

वीज गेली तर गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून ढोलीत, वरून घोंगडी, आणि ऊब परत येईपर्यंत खायला काही नाही. २०१९ च्या महापुरात आपल्याकडे दिवसचे दिवस वीज नव्हती, ते आठवून तयारी ठेवा.

खाण्याचं थोडक्यात. गवत, मुख्यतः गवतच. हिरवं, नाहीतर वाळलेलं. वर जास्वंदीची, तुतीची पानं. फळं नकोत, भात-पोळी अजिबात नको. चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो म्हणून तिचा पाला आणायचा की नाही हा प्रश्न गवताने सुटतो. कॅल्शियमसाठी दुकानात 'समुद्रफेस' म्हणून पांढरा तुकडा देतात, तो माकूल या समुद्री प्राण्याच्या शरीरातला असतो. कॅल्शियम कार्बोनेटची साधी भुकटी मिळते, ती घ्यावी. तयार गोळ्यांच्या खाद्याच्या पाकिटावर मासळीची भुकटी लिहिलेली आहे का ते वाचल्याशिवाय विकत घेऊ नये. आणि लहान कासवाला दररोज दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात, हनुवटीच्या खाली राहील एवढ्याच पाण्यात, बसवावं. ते पाणी पितं तेव्हाच.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग आणावं की नाही? माझ्या मते आणू नये. पूर्ण वाढलेलं सुलकाटा ३०-४० किलोचं, कधी त्याहून जड होतं, पन्नास वर्षांच्या पुढे जगतं, आणि अंगण खणून काढतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याची ऊब आणि ओल सांभाळणं पाच-सात वर्षांनंतर अशक्यच होतं. आणि आपण विकत घेतो म्हणून पुढचं पिल्लू दुकानात येतं. आपल्याकडच्या चांदणी पाठीच्या कासवाबद्दल तर प्रश्नच नाही. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, कुणी 'शुभ' म्हणून भेट दिलं तरी. सुलकाटासारख्या परदेशी जातींची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

पण घरात आधीच असेल आणि आता झेपत नसेल, तर जीवदया म्हणून नदीकाठी किंवा डोंगरावर सोडून येऊ नका. महावीर जयंतीला कासव 'मुक्त' केल्याचे फोटो मी पाहिले आहेत. इथल्या पहिल्याच पावसाळी गारठ्यात ते मरेल, किंवा आपला आजार इथल्या कासवांना देईल. पांजरपोळात नेऊन देणं हाही उपाय नाही. गाईगुरांच्या गोठ्यात त्याला ना ३५ अंश मिळणार ना ढोली, आणि तिथल्या माणसांना ते येणारही नाही. ज्याच्याकडे अंगण आहे, दिव्याची व्यवस्था आहे आणि नोंदणी आपल्या नावावर करून घ्यायची तयारी आहे, असं घर शोधावं लागतं. वेळ लागतो. तोवर दिवा चालू ठेवायचा.

शेवटी यात्रेचं, कारण कार्तिकात सगळ्या शिखरजीला निघाल, आणि "चार दिवस गवत टाकून ठेवलं तर चालेल ना?" असे फोन येतील. गवत संपलं तर चार दिवसांनी फार बिघडत नाही. पण दिवा गेला, थर्मोस्टॅट अडकला, भुसा सुकला, तर बिघडतं. शेजारणीला किल्ली देताना चारा कुठे ठेवला आहे ते दाखवाच, पण त्याआधी दोन्ही थर्मामीटर वाचून दाखवा, आर्द्रतामापकावरचा आकडा कुठून कुठवर असावा तो कागदावर लिहून पेटीला चिकटवा, आणि मुख्य स्विच बंद करून निघायची सवय असेल तर पेटीची वायर वेगळ्या बटणावर घेऊन ठेवा. आमच्याकडे त्या बटणावर मी लाल टिकली लावली आहे.